मोरसच्या डब्यातली ४१ नाणी

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला. "आमच्या मोरसच्या डब्यात जुने पैसे गावलेत. तुम्ही नाणी बघता असं कळलं. येऊन जाल काय एकदा?"

मी चिपळूणचा, शाळेत विज्ञान शिकवायचो. हिंदी महासागरातल्या बेटांची जुनी तांब्या-ब्राँझची नाणी हा माझा अनेक वर्षांचा नाद. कोकणातल्या घरांतून शिवराई आणि ढब्बू पैसे निघतात, क्वचित कुठल्या खलाशाच्या घरी झांझिबारचा तराजूछाप पैसा निघतो. म्हणून 'मोरस' हा शब्द ऐकल्याबरोबर कान टवकारले. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत, कारण ती मॉरिशसहून येई. त्या घरात सगळ्यांची समजूत अशी की डब्यात कधीकाळी साखर ठेवत असतील, म्हणून तो मोरसचा डबा. साखर त्यात कधी होती का, ते सांगणारं आता कोणी नाही. आत होती मॉरिशसची नाणी.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण एका डब्याच्या निमित्ताने जेवढ्या चुका होऊ शकतात त्यातल्या बहुतेक इथे झाल्या किंवा होता होता राहिल्या. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि वाडी मुद्दाम देत नाही.

डबा उघडला तेव्हा

घर तीन भावांचं. थोरले भाऊ गावी आंबा-काजू बघतात, मधले विरारला, धाकटे पुण्याला. घरात सगळ्यांत मोठ्या त्यांच्या काकी, ऐंशीच्या पुढच्या. डबा पितळी, कडीचा, पोटमाळ्यावर भाताच्या कणग्यांमागे पडलेला. आत मांजरपाटाचं फडकं आणि फडक्यात नाणी. मी ओटीवर टॉवेल अंथरला. नाणं हातातून सुटून शेणाच्या जमिनीवर पडलं तरी एकवेळ चालेल, पण त्या घरात आता फरशी होती. फरशीवर पडलं की कडेला कायमचा ठोका बसतो.

एकूण ४१ नगं. त्यात ३४ मॉरिशसची: पाच सेंटची ११, दोन सेंटची १४, एक सेंटची ९. पाच आपल्याकडचे पाव आणे. दोन इतकी झिजलेली की ती कुठली हेच कळेना.

मॉरिशसची नाणी ओळखायला अवघड नाहीत. एका अंगाला व्हिक्टोरिया राणीचं डोकं, दुसऱ्या अंगाला मधोमध मोठा अंक, भोवती बेटाचं नाव आणि साल. मात्र एक गोष्ट शेजारी पाव आणा ठेवल्यावरच लक्षात येते. १८७७ पासून आपल्या नाण्यांवर व्हिक्टोरिया 'एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी झाली. त्याच सालच्या मॉरिशसच्या नाण्यावर ती अजून 'क्वीन'च आहे, कारण सम्राज्ञीचा किताब हिंदुस्थानापुरता होता. धातूतही फरक. आपला पाव आणा तेव्हा निव्वळ तांब्याचा, तो ब्राँझचा झाला १९०६ मध्ये. मॉरिशसचे सेंट १८७७ मध्ये पहिल्यांदा निघाले तेच ब्राँझचे: ९५ भाग तांबं, ४ भाग कथिल, १ भाग जस्त. आपल्या काशाच्या वाटीत कथिल याच्या कितीतरी पट असतं, म्हणून वाटी ठणठणीत वाजते आणि नाणं तसं वाजत नाही.

काही नाण्यांवर सालाजवळ इंग्रजी एच हे बारीक अक्षर आहे. ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. या डब्यातलं सगळ्यांत जुनं साल १८७७, एच अक्षरासह. सगळ्यांत नवं १८९०, त्यावरही एच. हे १८९० चं पाच सेंटचं नाणं फारच सुरेख होतं. झीज जवळजवळ नाही, रंग जुन्या फणसाच्या आठळीसारखा तपकिरी, राणीच्या केसांची बट न् बट शाबूत. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते नाणं हवं होतं. माझ्या संग्रहात त्या सालची जागा रिकामी आहे. पण ज्याने नाणी पारखायची त्याने त्यातलं काही विकत घ्यायचं नाही, हा नियम मी पाळतो आणि इतरांनीही पाळावा असं मला मनापासून वाटतं. पारखणाराच गिऱ्हाईक झाला, तर त्याने सांगितलेल्या किमतीवर त्या घराने विश्वास का ठेवावा? मी तसं भाऊंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आमसुलाच्या पाण्यातली नऊ

टॉवेलवर ३२ नाणी तपकिरी-काळपट होती आणि नऊ नव्या तांब्यासारखी लालभडक. दिवाळीच्या आधी काकींनी तांब्याची घागर घासायला काढली. जोडीला डब्यातली वरची मूठभर नाणी घेतली, आमसुलाचं पाणी, मीठ आणि चुलीतली राख लावून लखलखीत केली. "मास्तर, बाकीची पण करून ठेवू होते, पण हात दुखले." त्यांचे हात दुखले म्हणून ३२ नाणी वाचली.

काकींना मी दोष देत नाही आणि कोणी देऊ नये. तांब्याची भांडी अशीच घासतात, त्यांच्या आजेसासूनेही तशीच घासली. पण घागर आणि नाणं यांच्यात फरक आहे. घागर पुन्हा पाणी भरायला काढायची असते. नाण्यावरचा तपकिरी थर हा मळ नव्हे. तो तांब्याच्या ऑक्साइडचा बारीक पापुद्रा आहे. तो तयार व्हायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. आमसुलाच्या आंबटाने तो विरघळतो, राखेने धातू खरवडतो. भिंग लावलं तर राणीच्या गालावरून बारीक रेघा गेलेल्या दिसतात, सगळ्या एकाच गोल वळणाच्या. काकींचा हात जसा फिरला तशा. या रेघा आता जाणार नाहीत. शौकिनांच्या बाजारात असं घासलेलं नाणं पडत्या भावाने जातं.

त्याहून वाईट गोष्ट मिठाची. ती पावसाळ्यात कळली, पुढे सांगतो.

नाण्यांनी सांगितलेलं साल

घरातली कथा अशी. खापरपणजोबा 'बंडाच्या साली', म्हणजे १८५७ च्या सुमाराला, मुंबईहून मोरसला ऊस तोडायला गेले आणि करार संपल्यावर पाच वर्षांनी परत आले. कथा अगदीच हवेतली नाही. मॉरिशसला १८३४ पासून करारावर हिंदुस्थानी मजूर नेत होते, ज्यांना पुढे गिरमिटिये म्हणू लागले. १८५८-५९ ही तर सगळ्यांत जास्त माणसं गेल्याची वर्षं. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईहूनही जहाजं सुटत. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं होती आणि त्यांची पिढी आजही तिथे मराठी म्हणवते. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि आपली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. तेव्हा खापरपणजोबांचं जाणं पटण्यासारखं आहे.

येण्याचं साल मात्र पटत नाही. ते १८६२-६३ मध्ये परतले असतील तर त्यांच्या गाठोड्यात १८७७ चं नाणं कसं येईल? आणि १८९० चं? सेंटची नाणीच मुळात १८७७ ची, जेव्हा मॉरिशसने रुपया हे चलन धरलं. त्याआधी तिथे पौंड-शिलिंग आणि इतर देशांची नाणी चालत. डबा खरोखर त्यांचा असेल, तर ते १८९० च्या आधी आले असणं शक्य नाही.

इथे वरच्या टोकाचं सालही विचारात घ्यावं लागतं. व्हिक्टोरियाच्या काळातली मॉरिशसची शेवटची ब्राँझ नाणी १८९७ ची. त्यानंतर एडवर्ड सातव्याच्या सबंध कारकिर्दीत बेटासाठी एकही नाणं पाडलं गेलं नाही. पुढची आली थेट १९११ ला, पंचम जॉर्जची. डब्यात १८९७ चं एकही नाही आणि १८९० चं जवळजवळ कोरं आहे, म्हणजे ते फार हातांतून फिरलेलं नाही. नसण्यावरून काढलेला निष्कर्ष नेहमी लंगडा असतो हे मान्य. तरी १८९० नंतर दोन-चार वर्षांत ही नाणी बेटावरून निघाली, असं मी नोंदीत लिहिलं. दुसरी शक्यताही लिहिली: खापरपणजोबा पाच वर्षांतच आले आणि नाणी मागाहून आलेल्या दुसऱ्या कोणी भाऊबंदाने आणली.

भाऊंना हे सांगत होतो तेव्हा काकी आतल्या दारात बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आमची आजेसासू सांगायची. म्हातारा मोरसवरनं आलान तवा पोराने ओळखलान नाय बापाला. खळ्यात उभा बघून कोण पाहिजे म्हणून विचारलान." पाच वर्षांनी आलेल्या बापाला लहान मूल ओळखणार नाही हे खरं, पण ते मूल 'कोण पाहिजे' असं विचारत नाही. विचारणारा मोठा बाप्या असावा लागतो. विशीत गेलेला माणूस १८९० नंतर आला असेल, तर तो पन्नाशी ओलांडलेला आणि त्याचा मुलगा पस्तिशीचा. मी काही बोललो नाही. भाऊही बराच वेळ गप्प होते.

मला स्वतःला या प्रकरणात सगळ्यांत जास्त भिडलेला प्रश्न निराळा आहे. माणूस कमाई म्हणून घरी तांब्या-ब्राँझची चिल्लर कशाला आणेल? उत्तर चलनातच आहे. मॉरिशसचा रुपया म्हणजे तेव्हा आपलाच चांदीचा रुपया. बेटाने स्वतःचा रुपया पाडला तो थेट १९३४ मध्ये. त्यामुळे साठवलेले रुपये मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यापासून चालले. कर्ज फिटलं असेल, जमीन सोडवली असेल, कोणाचं लग्न झालं असेल. सेंट मात्र इथे कोणी घेईना. आपला हिशेब आणे-पैचा, रुपयाच्या १९२ पै. तिकडचा सेंट रुपयाचा शंभरावा भाग, म्हणजे दोन पैला थोडा कमी. गुहागरच्या वाण्याला त्याचं काय? चालले ते रुपये खर्च झाले, न चालणारे सेंट फडक्यात राहिले. म्हणून हा डबा आपल्यापर्यंत पोचला.

या चिल्लरीचं तिथलं मोल सांगतो. करारावरच्या मजुराचा ठरलेला पगार महिना पाच रुपये आणि शिधा. पाचशे सेंट. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी तिथली कुप्रसिद्ध रीत होती. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका खाड्याला ३८ सेंट गेले. काकींच्या ओटीवर मी पाच सेंटची सात आणि एक सेंटची तीन नाणी वेगळी काढून भाऊंच्या तळहातावर ठेवली. एका दिवसाच्या तापाची किंमत एवढी.

भाव, फोन आणि कायदा

डबा सापडला तेव्हा भाऊंच्या मुलाने नाण्यांचे फोटो काढून विक्रीच्या एका जाहिरातीखाली टाकले होते. जुनं नाणं लाखात विकलं जातं, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी फोन आला: प्रत्येक नाण्याचे चाळीस हजार देतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी नोंदणी फी भरा. पोराने दीड हजार भरले. मग जीएसटीचे साडेतीन हजार मागितले तेव्हा त्याने भाऊंना सांगितलं. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसते आणि कोणाला तसं कमिशन घ्यायचा अधिकारही देत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. त्या फोनवाल्याने पुढे असंही म्हटलं होतं की एडवर्ड राजाचं मॉरिशसचं नाणं असेल तर दुप्पट देऊ. जे नाणं कधी पाडलंच गेलं नाही त्याला गिऱ्हाईक! पोराला हे माहीत असतं तर त्याचे दीड हजार वाचले असते.

दुसरा निरोप परदेशातून होता आणि तो माणूस जाणकार वाटला. त्याला फक्त १८९० चं नाणं हवं होतं, टपालाने. इथे कायदा आड येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यांचा पुरावस्तूंत समावेश आहे आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाकिटात घालून 'भेटवस्तू' लिहिलं तरी ती चोरटी निर्यातच. पोराने नकार कळवला.

भाऊंना वेगळीच धास्ती होती: सरकार डबा घेऊन जाईल का? १८७८ चा गुप्तधनाचा कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेल्या धनाला लागू होतो. हाच डबा घर पाडताना भिंतीच्या पोटातून निघाला असता, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग होतं. माळ्यावर सगळ्यांना माहीत असलेला, नावानिशी ओळखला जाणारा डबा हा दडवलेला नव्हे.

आता खरा भाव. झिजलेले एक आणि दोन सेंट दुर्मीळ नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं. भाऊंचा चेहरा उतरला. या ३४ मध्ये सुटं विकलं तर चांगल्या किमतीला जाईल असं एकच नाणं आहे, ते १८९० चं. पण अशा बेटाची ३४ नाणी एका घरात, एका फडक्यात, कोणी न निवडता, एकोणिसाव्या शतकापासून एकत्र राहिली आहेत आणि घराला ती कुठून आली ते ठाऊक आहे, हे मी आजवर दुसरीकडे पाहिलेलं नाही. १८९० चं नाणं काढलं की उरलेल्यांवरून परतण्याचं साल सांगता येत नाही. पाव आणे काढले की हा माणूस घरी येऊन थांबला हे कळत नाही. दुर्मीळ आहे तो डबा.

वाटणी

जानेवारीत तिघे भाऊ एकत्र आले. मधल्यांचं म्हणणं सरळ होतं: वडिलोपार्जित वस्तू आहे, तीन वाटे करा, ज्याला विकायचं तो विकेल. त्यांच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती आणि मागणी हक्काची होती. नाण्यांसाठी घर मोडू नये. मी फक्त एवढंच मागितलं की वाटणीआधी नोंद होऊ द्या.

दोन दिवस लागले. प्रत्येक नाण्याला १ ते ४१ क्रमांक, आम्लविरहित कागदाचं पाकीट, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन, दोन्ही बाजूंचे फोटो. फोटो खिडकीतून तिरक्या येणाऱ्या सकाळच्या उजेडात काढले. समोरून फ्लॅश मारला की झीज दिसत नाही. बाजारात मिळणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं मी वापरू दिली नाहीत. त्यातलं पीव्हीसी काही वर्षांत सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. डब्याचा, फडक्याचाही फोटो घेतला आणि काकींचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवून त्यावर त्यांचा अंगठा घेतला. सही येते त्यांना, पण त्यांनी अंगठाच दिला.

शेवटी ठरलं ते असं: मधल्यांनी एक सेंटची पाच नाणी घेतली, क्रमांक नोंदवून. फीसाठी थोरल्यांनी आणि धाकट्यांनी मिळून पैसे दिले. बाकी ३६ नगं गावच्या घरी. तोडगा माझ्या मनासारखा नाही, पाच नाणी बाहेर गेलीच. पण कुठली गेली आणि कोणाकडे, हे आता कागदावर आहे.

सतरा नंबर

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भाऊंचा फोन: "मास्तर, सतराच्या पाकिटात हिरवं पीठ पडलंय."

क्रमांक १७ हे घासलेल्या नवांपैकी दोन सेंटचं नाणं. राणीच्या मानेखाली तिळाएवढा खड्डा आणि त्यात पिस्त्याच्या रंगाची सैल भुकटी. जुना हिरवा थर घट्ट असतो, नखाने निघत नाही. ही भुकटी काट्याच्या टोकाने उचलली की खाली उघडा धातू दिसतो. याला ब्राँझ रोग म्हणतात. मिठातलं क्लोराइड तांब्याशी धरून बसतं, त्याला ओल आणि हवा मिळाली की भुकटी तयार होते, तयार होताना आम्ल सुटतं आणि ते आम्ल पुन्हा पुढचं तांबं खातं. आपल्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वाऱ्यातच खार, मग त्याला आणखी काय हवं? न घासलेली नाणी एवढी वर्षं त्याच हवेत टिकली होती.

१७ नंबर मी चिपळूणला आणलं. भिंगाखाली बाभळीच्या काट्याने भुकटी काढली, नाणं डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं, दर तीन दिवसांनी पाणी बदललं. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. पहिल्या दोन वेळा ताकासारखं पांढरं झालं. पाचव्या वेळी नुसती झाक आली, आठव्या वेळी स्वच्छ. मग ॲसिटोनने कोरडं करून सिलिका जेलच्या डबीत ठेवलं. गावच्या नाण्यांसाठी झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा घेतला, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० च्या वर गेला की जेल तव्यावर मंद भाजून कोरडी करायची, हे काम काकींनी स्वतःकडे घेतलंय. पितळी डबा रिकामा पुन्हा माळ्यावर गेला आहे, फडक्यासकट.

मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारावर आलेल्या मजुरांची मूळ रजिस्टरं आहेत. माणसाचा क्रमांक, बापाचं नाव, गाव, जहाज अशा नोंदी. भाऊंनी मे महिन्यात तिथे पत्र पाठवलं. आपल्याकडे फक्त नाव आणि वाडी आहे, क्रमांक नाही, आणि नाव त्या काळात दर दुसऱ्या घरात असायचं.

गणपतीत तिघे भाऊ घरी येणार आहेत. मधल्यांना त्यांची पाच नाणी आणायला सांगितली आहेत. ४१ नगांचं पुन्हा वजन करून जानेवारीच्या आकड्यांशी ताडायचं आहे. १७ चं वजन जानेवारीपेक्षा ०.२ ग्रॅमने कमी भरलंय.